हॉलिडे मेंबरशिप विकायची आहे, पण घेणारा मिळत नाही. मग यातून बाहेर कसं पडायचं?

सीताबर्डीच्या मेन रोडवर काय विकलं जात नाही? व्हरायटी चौकातून आत शिरलं की चपला, साड्या, कुकरच्या शिट्ट्या, मोबाईलची कव्हरं, सगळ्याला गिऱ्हाईक आहे. पण दहा-बारा वर्षांपूर्वी तीन-चार लाख मोजून घेतलेली 'हॉलिडे मेंबरशिप' विकायला काढा. बर्डीच काय, अख्ख्या नागपुरात घेणारा सापडणं कठीण जातं.

अशा घरांची गोष्ट साधारण सारखीच असते. मुलं लहान असताना मेंबरशिप घेतली. सुरुवातीला दोन-तीन सहली झाल्या. मग मुलं शिकायला पुण्या-बंगळुरूला गेली, आई-बाबांना घाट चढवेना, आणि हव्या त्या तारखांना खोली मिळेना. फिरणं थांबलं, पण वर्षाचं बिल थांबलं नाही. शेवटी जुन्या वस्तू विकायच्या ॲपवर 'अर्ध्या किमतीत' अशी जाहिरात टाकली जाते. महिनोन्महिने ती तिथेच पडून राहते. आणि मग एक दिवस फोन येतो, "सर, तुमच्या मेंबरशिपला पार्टी तयार आहे, फक्त जीएसटीचे पैसे आधी भरा."

या फोनवर विश्वास ठेवायचा का, मेंबरशिपला भाव का नाही आणि यातून सुटायचे खरे मार्ग कोणते, ते एकेक करून पाहू.

मुळात विकत काय घेतलं होतं?

टाइमशेअर म्हणजे रिसॉर्टमधल्या खोलीचा वेळ वाटून घेणं. एक खोली, वर्षाचे ५२ आठवडे, आणि प्रत्येक आठवड्याचा हक्क वेगवेगळ्या कुटुंबाकडे. १९६० च्या दशकात युरोपात ही कल्पना आली, पुढे अमेरिकेत ती मोठी झाली. १९७४ मध्ये तिथे आरसीआय ही कंपनी सुरू झाली आणि एका रिसॉर्टमधला आठवडा देऊन दुसऱ्या रिसॉर्टमधला आठवडा घेण्याची सोय झाली. भारतात १९८६ मध्ये स्टर्लिंग आणि १९९६ मध्ये महिंद्रा हॉलिडेज, म्हणजे क्लब महिंद्रा, या कंपन्या आल्या आणि मध्यमवर्गीय घरांत हा शब्द पोचला.

इथे एक फरक नीट लक्षात घ्यायला हवा. काही देशांत टाइमशेअर घेणाऱ्याच्या नावावर मालमत्तेचा छोटासा हिस्साही होतो. आपल्याकडे मात्र बहुतेक योजना फक्त 'वापरण्याचा हक्क' देतात. खोली कंपनीची, जमीन कंपनीची. सभासदाला ठरावीक वर्षं, ठरावीक मोसमात, ठरावीक रात्री राहता येतं, तेही खोली उपलब्ध असेल तर. सातबारा नाही, खरेदीखत नाही, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी नाही.

म्हणून फ्लॅट किंवा प्लॉट विकल्यासारखी ही मेंबरशिप विकता येत नाही. 'विकणं' म्हणजे प्रत्यक्षात कंपनीच्या वहीत आपल्या जागी दुसऱ्याचं नाव लावून घेणं. त्याला कंपनीची परवानगी लागते.

आणि या हक्काला एक शेपूट आहे, वार्षिक फी. तिला कुठे देखभाल शुल्क म्हणतात, कुठे ॲन्युअल सबस्क्रिप्शन. बहुतेक करारांत तुम्ही त्या वर्षी गेलात काय किंवा नाही गेलात काय, ती भरावीच लागते. ती वाढवायचा अधिकार कंपनीकडे असतो आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो.

मग सेकंड हँडला भाव का येत नाही?

एक हिशेब मांडून पाहू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत.

समजा, एका कुटुंबाने ४ लाख रुपयांना २५ वर्षांची मेंबरशिप घेतली. वर्षाला ७ रात्री. १० वर्षं झाली, १५ उरली. म्हणजे १०५ रात्री शिल्लक.

विकणाऱ्याचं गणित सरळ असतं. ४ लाख भागिले २५, म्हणजे वर्षाचे १६ हजार. उरलेल्या १५ वर्षांचे २ लाख ४० हजार. थोडं कमी-जास्त करून दोन लाखांना द्यायला काय हरकत आहे?

आता घेणाऱ्याच्या बाजूने बघा. वार्षिक फी २० हजार, त्यावर जीएसटी, एकूण २३,६०० रुपये. सात रात्रींनी भागलं तर रात्रीला जवळपास ३,३७० रुपये झाले. तशीच खोली मोबाईलवर शोधून ४ हजारांत मिळत असेल, तर मेंबरशिपमुळे रात्रीमागे वाचले फक्त ६३० रुपये. १०५ रात्रींचे मिळून साधारण ६६ हजार. त्यासाठी सुद्धा पंधरा वर्षं एकही रात्र वाया जायला नको आणि फी एक रुपयानेही वाढायला नको. कंपनीची ट्रान्सफर फी वेगळीच. शहाणा माणूस यासाठी दोन लाख कशाला देईल?

हीच खोली ज्या दिवसांत ६ हजारांना जाते, त्या दिवसांची मेंबरशिप असेल तर चित्र बदलतं. तेव्हा रात्रीमागे २,६३० रुपये वाचतात. म्हणून मोसमाला महत्त्व आहे. क्लब महिंद्रात जांभळा, लाल, पांढरा आणि निळा असे मोसमांचे चार रंग आहेत, इतर कंपन्यांची नावं वेगळी. विदर्भात पारा ४५ अंशांकडे सरकतो तेव्हा शाळांना सुट्ट्या असतात, आणि सगळ्यांनाच थंड हवेच्या ठिकाणी जायचं असतं. मे महिना, दिवाळी आणि नाताळ ज्यात बसतात अशा मेंबरशिपला थोडीफार मागणी असते. ज्या मोसमात रिसॉर्ट तसंही रिकामं असतं, त्या मोसमाची मेंबरशिप फुकट म्हटलं तरी लोक विचार करतात.

पण या हिशेबातला सर्वात महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे. मेंबरशिप न वापरता ठेवून दिली, तर उरलेल्या १५ वर्षांत फीपोटी ३ लाख ५४ हजार रुपये जातील. म्हणजे ती कोणाला फुकट देऊन टाकली, तरी साडेतीन लाखांची बचत आहे.

बरेच लोक इथेच अडकतात. गेलेले ४ लाख डोळ्यांसमोर असतात, येणारे साडेतीन लाख दिसत नाहीत. 'किती मिळतील?' या प्रश्नात दोन-तीन वर्षं जातात आणि तेवढी बिलं चढतात. आधी विचारायचा प्रश्न आहे, 'पुढच्या वर्षीची फी थांबवायची कशी?'

'ही तर गुंतवणूक आहे' असं सांगितलं होतं, त्याचं काय?

खोली वापरायच्या हक्काला गुंतवणूक म्हटलं की काय होतं, हे महाराष्ट्राने मोठी किंमत देऊन पाहिलं आहे.

मुंबईची पॅनकार्ड क्लब्ज ही कंपनी हॉटेलच्या 'रूम नाइट्स' विकायची. रात्री वापरल्या नाहीत तर मुदतीनंतर वाढीव रक्कम परत, असं योजनेचं स्वरूप होतं. गावोगावच्या एजंटांमार्फत लोकांनी पैसे भरले, ते सहलीसाठी कमी आणि परताव्यासाठी जास्त. सेबीने ही परवानगी न घेता चालवलेली सामूहिक गुंतवणूक योजना ठरवली आणि २९ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशात पैसे परत करायला सांगितलं. रक्कम होती ७,०३५ कोटी रुपये आणि गुंतवणूकदार ५१ लाखांहून जास्त. त्याआधी २०१५ मध्ये रॉयल ट्विंकल स्टार क्लब या मुंबईच्याच कंपनीच्या टाइमशेअर योजनांबद्दलही सेबीने असाच आदेश दिला होता.

सगळ्या हॉलिडे कंपन्या अशा नाहीत. सभासदांना खरोखर सहली घडवणाऱ्या कंपन्या आहेत आणि त्यांचा नेमाने वापर करणारी कुटुंबंही आहेत. पण सोनं किंवा जमीन वाढते तशी मेंबरशिप वाढत नाही. दर वर्षी तिच्यातलं एक वर्ष कमी होतं. कोणी ती 'नंतर जास्त भावात विकता येईल' म्हणून गळ्यात मारत असेल, तर तिथूनच उठावं.

बाहेर पडायचे मार्ग कोणते?

क्रम महत्त्वाचा आहे. जाहिरात टाकण्याआधी खालच्या गोष्टी करून घ्याव्यात.

१. करार काढा आणि पाच गोष्टी शोधा. मुदत कधी संपते? सभासदत्व दुसऱ्याच्या नावावर करता येतं का आणि त्याची फी किती? मध्येच परत देण्याची, म्हणजे सरेंडरची, अट काय आहे? फी थकली तर काय होतं? आणि कर्जावर घेतली असेल तर किती बाकी आहे? करार सापडत नसेल तर कंपनीकडे ईमेलने प्रत मागावी.

२. नुकतीच घेतली असेल तर तारीख बघा. अनेक करारांत सह्या केल्यापासून काही दिवसांत, साधारण दहा दिवसांत, रद्द करून पैसे परत घेण्याची सोय असते. मॉलमध्ये लकी ड्रॉचं कूपन भरलं, नवरा-बायकोला हॉटेलात बोलावलं, दीड-दोन तास सादरीकरण झालं आणि 'ही ऑफर फक्त आज' म्हणून कार्ड स्वाइप झालं, असं ज्यांचं झालं त्यांच्यासाठी हे दिवस सोन्याचे आहेत. विक्री करणाऱ्याला फोन करत बसू नये. करारात दिलेल्या पत्त्यावर स्पीड पोस्टने आणि ईमेलने, दोन्हीकडून, रद्द करत असल्याचं लेखी कळवावं.

३. कंपनीलाच विचारा. सरेंडरची योजना आहे का? काही पैसे परत मिळत नसले, तरी पुढची फी माफ करून सभासदत्व बंद करता येईल का? हे फोनवर विचारून उपयोग नाही, लेखी विचारावं आणि लेखीच उत्तर मागावं. इथे एक सापळा असतो. 'आधी मोठ्या योजनेत अपग्रेड करा, ती लगेच विकली जाते' असं सांगितलं जाऊ शकतं. बाहेर पडायला निघालेल्या माणसाने आणखी पैसे आत टाकायचं काहीच कारण नाही.

४. ओळखीत विचारा. सेकंड हँड मेंबरशिपचं सर्वात चांगलं गिऱ्हाईक म्हणजे लहान मुलं असलेला नातेवाईक, ऑफिसातला सहकारी किंवा त्याच कंपनीचा सभासद असलेला शेजारी. त्यांना फी, मोसम, खोली मिळण्याची अडचण, सगळं खरं सांगावं. लपवून विकलं तर पुढच्या बिलाच्या दिवशी भांडण ठरलेलं.

५. जाहिरात टाकायचीच तर पूर्ण टाका. कंपनी, मोसम, खोलीचा प्रकार, किती वर्षं उरली, साठलेल्या रात्री, यंदाची वार्षिक फी आणि ट्रान्सफर फी कोण भरणार, एवढं लिहिलं तरच गंभीर माणूस फोन करतो. सभासद क्रमांक, आधार किंवा मूळ कार्डाचा फोटो मात्र टाकू नये.

६. व्यवहार कंपनीच्या नोंदीवरच संपवा. जुनी बाकी भरून घ्यावी लागते, दोघांची ओळखपत्रं, ट्रान्सफरचा अर्ज आणि कंपनीने सांगितलेलं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. पैसे हातात आले म्हणजे व्यवहार झाला असं नाही. नव्या सभासदाचं नाव लागल्याचं पत्र किंवा ईमेल येईपर्यंत कंपनीच्या लेखी फी देणारे तुम्हीच असता.

घेणारा मिळत नसेल पण वर्षाच्या रात्री वाया जाऊ द्यायच्या नसतील, तर पाहुणे म्हणून दुसऱ्यांना पाठवायची सोय अनेक योजनांत असते. पैसे घेऊन खोली भाड्याने द्यायला मात्र बऱ्याच करारांत मनाई आहे, हे तपासून घ्यावं.

'पार्टी तयार आहे' वाला फोन खरा असतो का?

एक साधी कसोटी आहे. विकून देणारा तुमच्याकडूनच आधी पैसे मागतो का? मागत असेल तर फोन ठेवावा.

या फसवणुकीची पद्धत ठरलेली आहे. समोरच्याला तुमचं नाव, कंपनी, कधी कधी सभासद क्रमांकही माहीत असतो. तुम्ही मागितली होती त्यापेक्षा जास्त किंमत तो सांगतो. मग जीएसटी, एनओसी, फाइल चार्ज, टीडीएस अशी एकेक नावं निघतात. प्रत्येक वेळी 'हे शेवटचे, सगळं चेकमध्ये जोडून मिळेल' असं सांगितलं जातं. चेक कधीच येत नाही. ज्या वस्तूला बाजारात गिऱ्हाईक नाही, तिला घरबसल्या वाढीव भाव मिळतोय, हीच मोठी खूण.

हे फक्त भारतात होतं असं नाही. अमेरिकेत २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत सुमारे ६,००० लोकांनी टाइमशेअरच्या फसवणुकीत मिळून जवळपास ३० कोटी डॉलर गमावल्याच्या तक्रारी एफबीआयकडे आल्या. मेक्सिकोतल्या अमली पदार्थांच्या टोळ्या यासाठी कॉल सेंटर चालवतात, असं अमेरिकी सरकारने २०२४ मध्ये सांगितलं. निशाण्यावर प्रामुख्याने वयस्कर लोक होते.

युरोपीय संघाने २००८ च्या नियमांत यावर थेट उपाय केला. टाइमशेअर घेणाऱ्याला १४ दिवसांत विनाकारण माघार घेता येते, आणि विकून देणाऱ्या दलालाला विक्री होण्याआधी एक पैसाही घेता येत नाही. भारतात टाइमशेअरसाठी असा वेगळा कायदा नाही, त्यामुळे ही काळजी आपली आपणच घ्यावी लागते. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावं आणि बँकेलाही सांगावं. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

फी भरणंच बंद केलं तर?

हा मार्ग अनेकांच्या मनात येतो. पण फी आणि कर्जाचा हप्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेंबरशिप बँकेच्या किंवा वित्त कंपनीच्या कर्जावर घेतली असेल, तर मेंबरशिप वापरा किंवा नका वापरू, कर्ज फेडावंच लागतं. हप्ते चुकवले की सिबिल स्कोअर पडतो आणि पुढे घराचं कर्ज घेताना ते नडतं.

वार्षिक फीचं उत्तर करारात असतं. काही करारांत थकबाकीवर व्याज चढतं, काहींत आधी बुकिंग बंद होतं आणि नंतर सभासदत्व रद्द होतं. म्हणून नुसतं गप्प राहण्यापेक्षा 'मला सभासदत्व पुढे चालू ठेवायचं नाही, या तारखेपासून बंद करावं' असं लेखी कळवणं केव्हाही चांगलं. पुढे वाद झालाच तर तोच कागद उपयोगी पडतो.

सभासद वारले असतील, तर वारसांनी सभासदत्व आपल्या नावावर करून घेण्याआधी वरचाच हिशेब करावा. मागे राहिलेली देणी वारसांना मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेतच फेडावी लागतात. पण नाव लावून घेतलं की पुढची फी त्यांची स्वतःची होते.

ग्राहक आयोगात जाता येतं का?

येतं, पण कारण हवं. 'आता गरज उरली नाही' हे कारण आयोगापुढे चालत नाही. कंपनीने लेखी कबूल केलेली सेवा न देणं, वारंवार मागूनही बुकिंग न देणं, रद्द करायच्या मुदतीत अर्ज करूनही पैसे अडकवणं, विकताना खोटी आश्वासनं देणं, ही कारणं चालतात. म्हणून नाकारलेल्या प्रत्येक बुकिंगचा ईमेल किंवा स्क्रीनशॉट जपून ठेवावा. तोंडी आश्वासन दिलं असेल तर ते ईमेलमध्ये लिहून कंपनीकडून खात्री मागावी.

२० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्याने नागपूरकराला एक मोठी सोय दिली. कंपनीचं मुख्य कार्यालय चेन्नईत, हैदराबादेत किंवा मुंबईत असो, ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. बर्डीत दुकान किंवा घर असलेल्याला त्यासाठी शेजारच्या सिव्हिल लाइन्सपर्यंतच जावं लागतं. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग तक्रार ऐकतो, आणि ५ लाखांपर्यंत तक्रारीला शुल्कच नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

करारात 'वाद फक्त लवादाकडे' असं छापलेलं असलं, तरी ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये एम्मार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. करारच एकतर्फी आणि अन्यायकारक आहे अशी तक्रार असेल तर ती राज्य आयोगाकडे करावी लागते, आणि त्याचं परिक्रमा खंडपीठ नागपुरात बसतं.

घड्याळ मात्र चालू असतं. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावं लागतं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. कधी कधी एवढ्यानेच कंपनी बोलायला तयार होते. नाही झाली, तर ई-जागृती पोर्टलवरून घरूनच तक्रार दाखल करता येते.

थोडक्यात काय करायचं?

पुढच्या फीची तारीख शोधा. तिच्या दोन-तीन महिने आधी करार वाचा, कंपनीला लेखी विचारा आणि ओळखीत शब्द टाका. दोन लाखांची अपेक्षा असेल आणि कोणी वीस हजार देत असेल, तर चार लाखांकडे बघून नाही म्हणू नका. उरलेल्या वर्षांच्या फीची बेरीज करा आणि मग ठरवा. कोणी काहीच देत नसेल, पण नावावरून उतरवून घ्यायला तयार असेल, तरी तो व्यवहार तोट्याचा असेलच असं नाही.

आणि घरात कोणी वयस्कर सभासद असतील, तर हा हिशेब त्यांच्यासोबत बसून एकदा कागदावर मांडा. 'पार्टी तयार आहे' वाला फोन बहुतेक वेळा त्यांनाच येतो.